बिकेमाईवरचा ढग

"ढगाचं डोकं बघत बसू नकोस. पोट बघ. आणि तोंडात काही टाकायच्या आधी बघ."

माझे वडील असं म्हणायचे, आणि म्हणताना माझी हनुवटी दोन बोटांनी धरून वर करायचे. डोकं सगळ्यांनाच आवडतं. पांढरं, फुगलेलं, उन्हात चमकणारं. पण ढग कशावर उभा आहे ते त्याच्या पोटावर उमटतं. भर समुद्रावरचा ढग खालून करडा असतो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. बेटावरचा ढग जागचा हलत नाही. बाकीचे त्याच्या शेजारून जात राहतात, तो उभाच. आणि बेटाच्या कुशीतल्या उथळ पाण्याचा हिरवा रंग त्याच्या पोटाला लागतो, कोवळ्या शहाळ्याच्या सालीसारखा. आमच्या दक्षिणेला बिकेमाई बेट आहे. ते इथून दिसत नाही. त्याचा ढग दिसतो.

वडील गेले त्या वर्षी मी मरियामातेपुढे नेम धरला. पहाटे जपमाळ, मग दक्षिणेच्या टोकावर जाऊन बसायचं, आणि बिकेमाईवर ढग उभा राहीपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. उन्हं तापली की ढग धरतो. कधी लवकर, कधी दुपार कलते. फादर म्हणाले, तोरेका, तुझ्या वयाला एवढं कडक नको. मी मान डोलावली आणि नेम तसाच चालू ठेवला. ढग धरलाच नाही असे दिवस वर्षात थोडे. त्या दिवशी मी संध्याकाळच्या घंटेला पाणी पिते.

माझा धाकटा भाऊ कौराबी तरुणपणीच परदेशी मालवाहू जहाजांवर नोकरीला गेला. परत आला तो सोन्याचा दात आणि सुटलेलं पोट घेऊन, आणि तोवर वडील जाऊन त्यांच्या थडग्यावर कवड्या रचून झाल्या होत्या. आमच्या मानेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते. दक्षिणेच्या खांबापाशी आमची. तिथे बसेल त्याने होड्यांना आभाळ सांगायचं. मुलगा म्हणून कौराबी तिथे बसला. त्याला ढगाचं पोट कुठलं आणि डोकं कुठलं हेही कळत नव्हतं.

बसल्यानंतर थोड्याच दिवसांनी तो माझ्या झोपडीच्या उंबऱ्यावर येऊन टेकला आणि त्याने बुबुती केली. आमच्यात नात्यातल्या माणसाने बुबुती म्हणून काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. चटई असो, डुक्कर असो, अंगावरचा सदरा असो. नाही म्हणणाऱ्याच्या घरी मयतालासुद्धा कोणी येत नाही. मला वाटलं, कढई मागेल.

"ताई, तुझी जीभ मागतोय," तो म्हणाला. "ढगांबद्दल चारचौघांत तू काही बोलायचं नाहीस. मानेआबात मीच बोलणार."

मी दिली. द्यावीच लागते.

तेव्हापासून त्याचा धंदा मी बघत आले. उन्हं वर आल्यावर तो उठायचा, आदल्या रात्रीच्या आंबलेल्या माडीचा दर्प अंगाला तसाच. खाकरून थुंकायचा, ते नेमका त्या वाळूवर जिथे वडील गुडघे टेकून आभाळ बघत. मग फोन काढायचा. फोनमध्ये साऱ्या महासागराच्या आभाळाचं चित्र असतं. आमचं बेट त्यात माशीच्या घाणीएवढंही नाही. ते बघून तो मानेआबात डोळे मिटून बसायचा, बऱ्याच वेळाने उघडायचा, आणि आज बाहेर जायला हरकत नाही म्हणायचा. बहुतेक दिवस ते बरोबर निघे. आमच्याकडे बहुतेक दिवस एकसारखेच असतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प राहून प्रार्थना केली असती. पण मग पाहुणे यायला लागले, कॅमेरेवाले. ढग वाचणारा शेवटचा माणूस म्हणून कौराबीचं नाव कुठे कुठे गेलं होतं. तो कमरेला जुन्या केतकीच्या पानांची चटई गुंडाळायचा, पोटाला खोबरेल चोपडायचा आणि एखाद्या वाटेल त्या ढगाकडे हात करून सांगायचा की हा माझा आजोबा आहे. पाहुण्यांना डोळे मिटायला सांगायचा आणि ढग काय बोलतो ते ऐका म्हणायचा. ते ऐकायचे. त्यांचे डोळे भरून यायचे. तेलकट पोटावर बसलेली माशी तो मारायचा आणि तोच हात त्यांच्या डोक्यावर आशीर्वादासारखा ठेवायचा. मला ओकारी यायची, बोलण्यापुरती नव्हे, खरीखुरी, घशापर्यंत. पापनिवेदनात मी फादरना हे सांगितलं. ते हसून म्हणाले, बहिणींना भावांचं असं होतंच.

यंदा आलेल्या पाहुण्यांना ढगाच्या खुणेवर बिकेमाईपर्यंतची सफर हवी होती. अर्ध्या दिवसाचं पाणी आहे. कौराबीकडे इंजिनाची लाकडी बोट होती आणि तिच्या तळाशी रस्ता दाखवणारं यंत्र, टॉवेलात गुंडाळलेलं. त्याच सुमाराला रेडिओवर निरोप आला की रोतियाची आई बिकेमाईला अंथरुणाला खिळली आहे, अन्न सोडलं आहे, लेकीचं नाव घेते आहे. रोतिया आमच्या गावची सून. नवरा जहाजावर, पदरात मूल नाही. तिने कौराबीच्या पाया पडून बोटीत जागा मागितली. पाहुण्यांना ते फार आवडलं. मरत्या आईकडे निघालेली लेक, वर ढग. तिला पांढरा झगा घाल म्हणून त्यांनी सांगितल्याचं मी ऐकलं, आणि मला त्या दिवशी शिजवलेला मासा खाववला नाही.

निघायच्या सकाळी मी टोकावर गेले. आभाळ वाईट दिसत नव्हतं, तीच भीती होती. फार उंचावर दुधाच्या सायीसारखा पातळ पडदा पसरला होता आणि त्यातून सूर्य उकडलेल्या अंड्यासारखा दिसत होता. त्या पडद्याखाली ऊन तापत नाही, आणि ऊन तापलं नाही की बेटावर ढग धरत नाही. खालचे ढग रोजच्या वाऱ्याने पश्चिमेकडे चालले होते. पण सायीच्या कडा उलट्या, पूर्वेकडे सरकत होत्या. आणि पश्चिमेच्या प्रवाळाच्या कड्यावर लाटा येत होत्या, उंच नव्हेत पण लांब, अंतरा-अंतराने, त्या बाजूचा वारा नसताना. लांब कुठेतरी पश्चिमेचा वारा सुटला होता आणि त्याने आपल्या लाटा पुढे पाठवल्या होत्या. तो वारा भर पाण्यात गाठला तर इंजिनाची बोट काय नि नारळाची करवंटी काय.

चारचौघांत बोलायचं नव्हतं, म्हणून मी कौराबीकडे एकटी गेले. तो माडाच्या बुंध्याला टेकून तंबाखू मळत होता. फोन मांडीवर. मी जे बघितलं ते सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात.

त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "सूर्य काढलाय बघ. पिवळाधमक. हसतोय."

"ते आपल्या बेटाचं नाही, कौराबी. तू वर बघ."

"वर बघायला तू आहेस की. उपाशीपोटी." त्याने तंबाखूची थुंकी टाकली, ती माझ्या पायाच्या बोटांवर उडाली. त्याने ते पाहिलं आणि तो हसला. "ताई, सफर झाली की तुझ्या चर्चच्या बायकांना नवीन चटया घेऊन देतो. चल, जीभ आवर."

मी समुद्रात जाऊन पाय धुतला. बराच वेळ धुतला. धुतलेला पायही मला माझा वाटेना.

मानेआबात सगळा गाव जमला होता. पाहुणे गळ्यात हार घालून बसले होते, रोतिया पांढऱ्या झग्यात, मांडीवर आईसाठी घेतलेलं गाठोडं. कौराबीने डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं की ढगातले आजोबा हो म्हणतात. लोक उठायला लागले. तेव्हा मी आमच्या जागेच्या मागे, बायकांच्या रांगेत उभी राहिले. त्या छपराखाली मी आयुष्यात कधी उभं राहून बोलले नव्हते.

"कौराबी," मी म्हटलं, "मी तुझी बहीण आहे. बुबुती करते. तुझी बोट मला दे."

सगळे पुन्हा खाली बसले. पाहुण्यांना वाटलं, हा विधीच आहे. त्यांनी कॅमेरे माझ्याकडे वळवले.

"दिली की," कौराबी म्हणाला. "बिकेमाईहून आलो की घे."

"आत्ता. इंजिनासकट."

"ताई, पाहुणे तयार होऊन बसलेत. तुला बोट कशाला हवी?"

बुबुतीत कशाला हे विचारायचं नसतं, आणि दिलेलं त्याच दिवशी परतही मागायचं नसतं. लोकांत कुजबुज झाली. गावात सगळ्यांत म्हातारे बिरिबो आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले, "द्यावी लागेल रे बाबा. माझी कवळी मेहुण्याने मागून नेली, मी बोललो का काही? तो आता माझ्या दातांनी खेकडे फोडतो."

हशा झाला. त्या हशात कौराबीने इंजिनाची किल्ली कमरेतून काढली आणि माझ्या पायाशी फेकली. घामाने चिकट झालेली किल्ली मी पदराच्या टोकाने उचलली.

रोतिया माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आजी, तुला दुसरा दिवस मिळाला नाही का गं? माझी आई तिकडे डोळे लावून बसलीय. कशासाठी केलंस हे?"

मला कारण सांगता येत नव्हतं. तिच्याभोवती अख्खा गाव उभा होता आणि माझी जीभ माझी नव्हती. मी एवढंच म्हटलं, "तुला तिच्यापाशी मी नेऊन पोचवीन. माझा शब्द."

"तुझ्या शब्दाचं काय करू?" ती म्हणाली आणि झगा वर धरून निघून गेली.

तो सबंध दिवस छान गेला. पाहुणे आतल्या पाण्यात डुंबले, सायीआडच्या उन्हातही त्यांच्या पाठी भाजून लाल झाल्या. पोरीबाळी मला विचारत होत्या की आजी, आता तू शार्क धरायला जाणार का. चर्चमधल्या बायकांनी संध्याकाळच्या प्रार्थनेला आपल्या चटया माझ्यापासून जरा लांब ओढून घेतल्या. त्यातली एक मोठ्याने म्हणाली की म्हातारपणी काहींना हाव सुटते. बिकेमाईवर ढग धरला नाही. मी घंटेला पाणी प्यायले. मनात आलं, चुकले असेन तर? एका बाईला तिच्या आईपासून तोडलं मी. जपमाळेचे मणी त्या दिवशी मोजूनही पुढे सरकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला वारा थांबला. रोज पूर्वेकडून येणारा, ज्याचा आवाज आम्हाला ऐकूही येईनासा झालेला असतो, तो थांबला, आणि सगळ्यांनी एकदम मान वर केली. माश्या आल्या. मग पश्चिमेकडून पहिली झुळूक आली आणि तिच्याबरोबर घाण. गाव आतल्या पाण्याच्या काठाला आहे आणि ओहोटीला उघडा पडणारा काठ हाच आमचा परसाकडचा रस्ता. एरवी पूर्वेचा वारा तो वास समुद्राकडे घेऊन जातो. आता तो सगळा उलटा गावात शिरला, डुकरांच्या खुराड्यांवरून होऊन चर्चच्या दारातून आत. पाहुण्यांतली एक बाई वेदीसमोरच ओकली. दुपारपर्यंत आभाळ आणि समुद्र एक झाले होते. नीरफणसाची झाडं मुळासकट पडली, लाटा कंद लावायच्या खड्ड्यांत शिरल्या, माडीची झाडं शेंड्याकडून मोडली. कड्याबाहेर जे पाणी उसळत होतं त्यात कुठलीही बोट असती तर परत आली नसती. हे कोणी बोललं नाही, पण सगळे त्याच पाण्याकडे बघत होते.

सगळा गाव मानेआबात आडोशाला आला. ओले कपडे, लहान मुलांची घाण, उलट्या, तंबाखूचा धूर. पाहुणे पांढरेफटक पडून एकमेकांना धरून बसले होते. कौराबी उठला. मला वाटलं, आता याच्या तोंडून निदान देवाचं नाव निघेल.

त्याने दोन्ही हात वर केले आणि आधी पाहुण्यांच्या भाषेत, मग आमच्या, सांगायला सुरुवात केली. हे त्याला आधीच दिसलं होतं, म्हणे. ढगातल्या आजोबांनी त्याला सांगितलं होतं की लोकांना घाबरवू नकोस, युक्तीने थांबव. म्हणून त्याने आपल्या बहिणीला बोलावून शिकवलं की उद्या उभी राहा आणि माझी बोट माग. "तिला बिचारीला यातलं काय कळतं," तो म्हणाला. "पण मी सांगितलं आणि तिने ऐकलं."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रडत वाजवल्या. मग गावानेही वाजवल्या. ज्या बायकांनी चटया ओढल्या होत्या त्यांनीसुद्धा. कौराबी आपल्या गळ्यातला हार काढून माझ्याकडे आला. दोन दिवसांचा हार, फुलं काळी पडलेली, त्याच्या घामाने आणि तेलाने लिबलिबीत. तो त्याने माझ्या गळ्यात घातला आणि माझ्या कपाळाला कपाळ लावलं. माडीचा आंबट वास, सोन्याच्या दाताला चिकटलेली तंबाखू. माझ्या अंगावर अळी फिरावी तसं झालं. मी डोळे मिटून मरियामातेचं नाव घेतलं, आणि तेही मला त्या वासाने बरबटल्यासारखं वाटलं.

बिरिबो आजोबा टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान फिरवली. म्हातारा माणूस, छपराखाली भांडण नको होतं त्यांना.

गर्दीतून रोतिया पुढे आली. "खरं का आजी? त्याने सांगितलं म्हणून तू उठलीस?"

सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "तुला मी पोचवणार आहे. तेवढं धरून ठेव."

बाहेर येऊन मी हार डुकरांपुढे टाकला. त्यांनी हुंगला आणि सोडून दिला.

वाऱ्याचा जोर ओसरायला लागला तेव्हा मी रोतियाच्या झोपडीत गेले. ती पडलेलं छप्पर बांधत होती. रेडिओवाला सांगून गेला होता की आई अजून आहे, चमच्याने शहाळ्याचं पाणी घेते. मी दोर धरायला पुढे झाले तर तिने तो ओढून घेतला.

"वारा पडला की तुझा भाऊ पाहुण्यांना घेऊन आधी बेटाभोवती फिरणार आहे. त्यांना वादळानंतरचा ढग हवाय. मला कोणी विचारलं नाही." तिने दोराला गाठ मारली. "एवढा शब्द देतेस ना, मग बोट मलाच देऊन टाक की."

टोमणाच होता तो. ती माझ्या नात्यातली नाही, तिला नाही म्हणायला मला काही अडचण नव्हती.

"दिली," मी म्हटलं.

तिने वळून बघितलं. मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग तिथे आम्ही दोघीच होतो, चारचौघं नव्हते, म्हणून मी तिला त्या सकाळचं आभाळ सांगितलं. साय, उलट्या कडा, लांब लाटा. मग तिने दोराचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं.

कौराबी दुसऱ्या दिवशी आला. पूर्वेचा वारा परतला होता, गावातला वास हटला होता. त्याच्या हातात तळलेल्या माशाचं ताट होतं. उंबऱ्यावर बसून त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली, चटयांची आठवण काढली. मग म्हणाला, "ताई, बुबुती. बोट दे."

"माझी नाही."

"म्हणजे?"

"रोतियाची आहे. तिने मागितली, मी दिली."

"ती कुठे तुझ्या नात्यातली आहे?"

"नाही ना. तुझ्याही नाही."

त्याने ताट खाली ठेवलं. नात्याबाहेरच्या माणसाकडे बुबुती चालत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मला वाटलं, मारील. मग तो मोठ्याने हसला, माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि उठून गेला. थोड्या वेळाने त्याचा आवाज माडांमधून आला. तो पाहुण्यांना सांगत होता की आमच्यात वादळानंतरची पहिली बोट लेकीला द्यायची फार जुनी चाल आहे, आणि उद्या दुपारी ऊन चांगलं असेल तेव्हा आपण तिला निरोप देऊ, हार घालून. असली चाल आमच्यात कधीच नव्हती. मासा ताटात गार होत होता, डोळा पांढरा होऊन वर बघत. मी तो मांजराला घातला आणि ताट वाळूने घासलं, दोनदा.

उजाडताच, जपमाळ झाल्यावर, उतरवून ठेवलेली शहाळी मी दोरीने बांधली. वडिलांचं वल्हं छपरातून काढलं. इंजिनावर माझा भरवसा नाही. पाहुणे अजून झोपले होते. एकाचं पाऊल मच्छरदाणीतून बाहेर आलं होतं, गळ्यातला कोमेजलेला हार उशीवर. मी त्यांच्या बाजूने पाय न वाजवता गेले.

रोतिया किनाऱ्यावर आली होती. अंगात रोजचा निळा झगा, काखेत गाठोडं. करवंटीने ती बोटीतलं पावसाचं पाणी काढून टाकत होती. टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र तिने बाजूला वाळूवर काढून ठेवलं होतं.

"हे घ्यायचं का, आजी?"

"राहू दे त्याचं त्याला."

तिने मान हलवली. आम्ही दोघींनी बोटीच्या कडेला खांदे लावले आणि ढकललं.